व्यायाम सुरू केला म्हणून गोळ्या बंद करू नका

‘रोज चाला, नैराश्याच्या गोळ्या फेकून द्या’ असा मेसेज सध्या फिरतोय. चालण्याचा सल्ला अगदी योग्य आहे. नियमित व्यायामाने झोप सुधारते, चिंता कमी होते, सौम्य ते मध्यम नैराश्यात बराच फरक पडतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवते. म्हणजे बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही इतकी भरभर चाल.

गोळ्या फेकण्याचा सल्ला मात्र घातक आहे. त्या एकदम सोडल्या की गरगरतं, झोप उडते, चिडचिड होते, आजारही उलटू शकतो. डोस कमी करायचा तो डॉक्टरांना विचारून, हळूहळू. आणि ज्याला अंथरुणातून उठणंच जड जातंय, त्याला कृपा करून ‘आळशी’ म्हणू नका. तेही आजाराचंच लक्षण असतं.