बॅटरी गुड आहे म्हणे

सकाळी साडेसातला गाडीची किल्ली फिरवली आणि टक. बास. टकटकटक सुद्धा नाही, एकच टक, वेडावून दाखवल्यासारखा. मे महिना चालूये, अख्ख्या पुण्यातले एसी एकाच आठवड्यात बंद पडलेत, माझे सहा कॉल लागलेत, पहिला वाघोलीला, आणि मी इकडे धायरीत पार्किंगमध्ये स्टेअरिंगवर डोकं टेकून बसलोय. परत सोमवारीच. आठ महिन्यांतली ही दुसरी बॅटरी आहे आणि हिला अजून तीन महिने पण झाले नाहीत!!

मग धक्का. वॉचमन, माझा हाताखालचा पोऱ्या आणि तिसऱ्या मजल्यावरचे काका. काका धक्का कमी मारतात आणि बोलतात जास्त. "रोज दहा मिनिटं इंजिन चालू करून ठेवत जा." अहो काका, गाडी रोज साठ-सत्तर किलोमीटर फिरते, देव्हाऱ्यात नाही ठेवलेली! गेटच्या उतारावर सेकंडला टाकून सुटली एकदाची.

गेलो तडक बॅटरीच्या दुकानात, वॉरंटी कार्ड घेऊन. आता हे ऐका. काउंटरवर एक पोरगं, विशी पण ओलांडली नसेल, त्याने मोबाईलवरून मान वर न करता विचारलं, "काका, गाडी वापरत नाही का रोज?" मी बेचाळीसचा आहे. काका. बरं, सोडलं. मग म्हणे लाईट चालू राहिली असेल. म्हटलं नाही राहिली. म्हणे दाराची लाईट असेल. म्हटलं ती पण नाही. मग आत गेला, तो टेस्टर आणला, दोन चिमटे लावले, टूं झालं, कागदाची पट्टी बाहेर आली आणि ती माझ्या हातात अशी दिली जशी काय माझ्या दहावीची मार्कशीट. "बॅटरी गुड आहे. चार्जिंग कमी आहे फक्त." अरे मग ते चार्जिंग जातंय कुठे? "ते आम्ही बघत नाही." नाही बघत!! आणि याच दुकानात फेब्रुवारीत जुनी बॅटरी आणली तेव्हा चिमटे पण लावले नव्हते, नुसतं लांबून बघून "गेली ही, नवीन टाका". तेव्हा बरं सगळं दिसत होतं लांबून. वर म्हणतो दोन दिवस ठेवून जा, चार्ज करून देतो. दोन दिवस काय मी बॅगा डोक्यावर घेऊन पीएमपीने जाऊ?

ती पट्टी मी अजून खिशात ठेवलीये. का ठेवलीये माहीत नाही.

मार्चमधला वायरमन आठवला मग. "लीकेज असेल साहेब कुठेतरी." म्हणजे गाडी बंद असताना पण करंट गळतोय. कुठेतरी म्हणजे कुठे? डॅशच्या खाली अर्धा तास उताणा झोपला, दोन ठिकाणी काळी टेप गुंडाळली, तीनशे घेतले. त्याच्या आधीचा टेपरेकॉर्डरवाला तर वेगळीच जमात, पिवळी आणि लाल वायर एकत्र पिळून थेट बॅटरीवर, म्हणजे किल्ली काढली तरी टेप जागाच. ते मी स्वतः सोडवलं. तरी सोमवारी टक ते टकच.

आणि आता तुम्ही म्हणाल, तू तर स्वतः इलेक्ट्रिकलमधला, मीटर नाही का तुझ्याकडे? आहे ना. क्लॅम्प मीटर आहे, चांगला महागाचा आहे, पण तो फक्त एसी करंट मोजतो, म्हणजे घरातल्या लाईनीतला, आणि बॅटरीत डीसी. एसीवाल्याचा मीटर, एसीच मोजणार. म्हणून गेल्या महिन्यात साधा मल्टिमीटर काढला, निगेटिव्ह टर्मिनल सोडून मध्ये सिरीजला लावला, म्हणजे सगळा करंट मीटरमधूनच जाणार, आणि तो तसाच ठेवून किल्ली फिरवली. मी. पोऱ्याने नाही, मी. मीटरमधला फ्यूज उडाला, करंटची वाटच बंद. मला कळलंच नाही. त्यानंतर पंधरा दिवस रोज मोजतोय, रोज ०.००, आणि मी सगळ्यांना छातीठोक सांगतोय की गाडीत लीकेज नाहीच, बॅटरीच बोगस. दार उघडं होतं, वरचा दिवा लागत नव्हता, तरी ट्यूब पेटली नाही माझी.

आणि खरं सांगू का, बॅटरीवाल्या पोराला शिव्या घालताना मध्येच गप्प झालो. आमच्या लाईनीत पण हेच आहे की. एसी गार करत नाही? गॅस संपलाय, भरा. अरे गॅस काय पेट्रोल आहे का जळून संपायला, कुठेतरी गळतोय म्हणून कमी झालाय, आधी गळती शोध! पण मे महिन्यात सहा कॉल असले की कोण शोधतंय, मी पण भरलाय तसाच, दोनचार वेळा. (दहाबारा.)

असो. आज चार कॉल कॅन्सल केले, शिव्या खाल्ल्या, मीटरचा फ्यूज बदलला, लाल वायर यावेळी दहा अँपिअरच्या भोकात. दार लॉक, अर्धा तास थांबलो, सगळं झोपू दिलं. ०.६२ अँपिअर, म्हणजे सहाशेवीस मिलि! पाच-पन्नास मिलिअँपिअर चालतात, घड्याळ बिड्याळ असतं, पण हे बारापट. चोवीस तासांत पंधरा अँपिअर-अवर, बॅटरी पस्तिसाची. शनिवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ, रविवारी गाडी उभी. हिशोब लागला. सोमवारला उगाच नावं ठेवली.

मग गाडीचा एकेक फ्यूज उपटला, ज्याने आकडा पडेल त्या लाईनीत चोर. फ्यूजबॉक्स कुठे दिलाय तर डाव्या गुडघ्याच्या वर, बघायचं असेल तर डोकं क्लचपाशी आणि पाय फुटपाथवर. झाकणावरचा तक्ता एवढा पुसलेला की नुसता 'हॉर्न' वाचता येतो. सगळे काढले. ०.६२. हलायला तयार नाही. दुपारचे अडीच, डोक्यावर ऊन.

शेवटी डायनामोला, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरला, हात लागला, चुकून. सकाळी परत येऊन गाडी लावली त्याला पाच तास झाले होते, इंजिन गार आणि तेवढाच कोमट. ताप आलेल्या पोराच्या कपाळासारखा. त्याची जाडी वायर सोडली, मीटर ०.०२. आतला डायोड गळतोय, जो करंट उलटा जाऊ द्यायचा नसतो तोच. ती वायर थेट बॅटरीवर, फ्यूजबॉक्सला न विचारता, म्हणून मी तिकडे कितीही उपटाउपटी केली तरी काय दिसणार कप्पाळ.

वायरमनला फोन केला तर म्हणे "मी बोललोच होतो लीकेज आहे." ठेवून दिला फोन.

डायनामो काढून द्यायला अख्खा दिवस गाडी उभी पाहिजे, आणि या आठवड्यात तो दिवस नाही. म्हणून जुगाड, रोज रात्री निगेटिव्ह टर्मिनल सोडायचं. १० नंबरचा पाना, जो जगात कधीच जागेवर सापडत नाही, तो सुतळीने स्टेअरिंगला बांधलाय. ही म्हणाली, लग्नात मला एवढं मंगळसूत्र घट्ट नव्हतं बांधलं.

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. हे सगळं टाईप करून झालं आणि आता आठवतंय, टर्मिनल सोडलेलंच नाहीये. लिफ्ट बंद आहे. जातो खाली.