सोळा छेद चौसष्ट

अपूर्णांकांचा गुणाकार शिकवणं सोप्पंय असं ज्याला वाटते त्यानं एकदा नागपूरला आमच्या घरी यावं, तेही मे महिन्यात, 45 डिग्रीत, कूलरमधलं पाणी संपलेलं असताना. तसं पाहिलं तर अंशाला अंशानं गुणा, छेदाला छेदानं गुणा, संपलं, बेरजेसारखी लसाविची कटकटच नाही. पण पोराचा पहिलाच प्रश्न, "गुणाकार केला तं आकडा वाढायला पायजे ना बाबा, हा कमी काऊन होऊन राहिला?" मग मी अर्धा किलो संत्रा बर्फी मधात आणली (तोंडीच), तिचा पाऊण हिस्सा म्हणजे 1/2 × 3/4, म्हणजे 3/8, म्हणजे 375 ग्रॅम. हे पटलं. बर्फी कुठंय ते मात्र संध्याकाळपर्यंत विचारून राहिला.

खरा घोळ काटाकाटीत. 12/35 × 25/36 घ्या. शहाणा माणूस आधी काटतो, 12 आणि 36 चे 1 आणि 3, 25 आणि 35 चे 5 आणि 7, उत्तर 5/21. आमचं कार्टं आधी गुणते, 300/1260 करते, मग 2 नं, परत 2 नं, 3 नं, 5 नं भागत बसते, तोवर वरण थंड.

तेही चाललं असतं. पण पुढचं गणित होतं 3/4 × 16/64, आणि यानं वरचा 6 आणि खालचा 6 पेन्सिलनं सरळ उडवले. उरले 1/4. उत्तर 3/16. पुस्तकात मागं पाहिलं तर तिथंही 3/16!

म्हटलं, बे असे आकडे उडवत नसतात, पूर्ण संख्येला भाग द्यावा लागते. म्हणे, उत्तर तं तेच आलं. म्हटलं थांब, 19/95 कर. त्यानं 9 उडवले, 1/5. बरोबर. 26/65? 6 उडवले, 2/5. हेही बरोबर! दोन अंकी आकड्यांत 1 पेक्षा लहान असे नग, शून्यं उडवायचे सोडून, फक्त चार आहेत (चौथा 49/98), आणि माझ्या तोंडून नेमके तेच निघून राहिले होते. आई तिकडून म्हणे, "पोरगं हुशार आहे, तू काऊन अडवून राहिला त्याले?" तिला पावकी, निमकी, पाऊणकी (पाव, अर्धा, पाऊणचे जुने पाढे) सगळं पाठ, तिला छेदाशी काय घेणंदेणं.

शेवटी 13/34 सुचलं. त्यानं 3 उडवले, 1/4. म्हटलं आता पाहा, 34 चा चौथा हिस्सा साडेआठ, 13 कुठून होतील? बराच वेळ वहीकडे पाहत बसला.

"मंग याचं खरं उत्तर काय?"

"काहीच नाही. 13 आणि 34 मध्ये 1 सोडून काही सामाईक नाही, ते तसंच राहते."

"जे कटतच नाही ते काटायला दिलं काऊन मंग?"