लिंट म्हणतो सगळं ठीक, आणि इनबॉक्सचा उकिरडा तसाच

स्पॅमअसॅसिन म्हणजे मेलला गुण देऊन स्पॅम ओळखणारा प्रोग्राम. त्याच्या कॉन्फिगचा (सेटिंग्जच्या फाईलींचा) खरा संताप येतो तो एकाच गोष्टीचा: तुमचं काही चुकलं तरी ते तोंड उघडत नाही. लोकल.सीएफ या सेटिंग फाईलमध्ये रिक्वायर्ड_स्कोअर, म्हणजे मेल स्पॅम ठरायला लागणारा आकडा, ५ चा ४ केला. लिंट, म्हणजे फाईलचं व्याकरण तपासणारी कमांड, चालवलं, एक ओळही आली नाही, म्हणजे व्याकरण बरोबर. स्पॅमडी (स्पॅमअसॅसिनचा मागे सतत चालणारा प्रोग्राम) रीस्टार्ट केला. आणि तरी ४.६ गुणांची लॉटरीची मेल थेट इनबॉक्समध्ये!

कारण मेल पोस्टफिक्सकडून (मेल घेणारा-पाठवणारा सर्व्हर) अमाविसकडे (मेल तपासणारा मधला प्रोग्राम) जाते, आणि अमाविस स्पॅमअसॅसिनची पर्ल लायब्ररी स्वतःच्याच प्रोसेसमध्ये लोड करतो. स्पॅमडीशी त्याचा संबंधच नाही. शंभर वेळा स्पॅमडी रीस्टार्ट करा, काही हलणार नाही; रीस्टार्ट अमाविस करायचा असतो. बरं, अमाविस लोकल.सीएफ वाचतो, नाही असं नाही. रूल घेतो, रूलचे गुण घेतो. पण रिक्वायर्ड_स्कोअर आणि रीराइट_हेडर (स्पॅमच्या विषयात खूण घालणारी) या ओळींकडे ढुंकूनही बघत नाही. त्याच्या मर्यादा वेगळ्याच ठिकाणी असतात. डेबियन या लिनक्समध्ये त्या अमाविसच्या कॉन्फ.डी फोल्डरमध्ये '२०-डेबियन_डिफॉल्ट्स' या फाईलमध्ये आहेत: टॅग (इथून स्पॅमचे हेडर लागतात) २.०, टॅग२ (इथून मेल स्पॅम ठरते) ६.३१, किल (इथून मेल अडवली जाते) ६.३१. म्हणजे ६.३१ च्या खालची मेल स्पॅम ठरतच नाही, तुम्ही लोकल.सीएफमध्ये काहीही लिहा. आणि ही फाईल तिथेच बदलायची नाही, कारण पॅकेज अपग्रेडला भांडण होतं. फाईली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात, म्हणून आपलं सगळं '५०-यूजर'मध्ये लिहायचं, तेही शेवटच्या '१;' या ओळीच्या वर. "या ओळीकडे मी दुर्लक्ष करतोय" एवढं एक वाक्य लॉगमध्ये टाकायला कोणाच्या बापाचं काय जात होतं?

त्यात पुन्हा डेबियनवर स्पॅम तपासणी मुळात बंदच येते. '१५-कंटेंट_फिल्टर_मोड'मध्ये बायपास_स्पॅम_चेक्सच्या ओळी कॉमेंट केलेल्या असतात; नाव बायपास असलं तरी त्या उघडल्यावरच तपासणी सुरू होते. ओळींपुढचे हॅश (#) काढले नाहीत तर सर्व्हर निमूटपणे मेल पुढे ढकलत राहतो.

समजा तेही केलं. आता पोस्टफिक्समध्ये दुसरा डोमेन जोडला. त्या डोमेनच्या मेलवर एक्स-स्पॅम हेडरच (मेलच्या डोक्यावरच्या स्पॅमचे गुण सांगणाऱ्या ओळी) लागत नाहीत, आणि हेडर नाहीत म्हटल्यावर जंक फोल्डरमध्ये टाकणारा सीव्ह रूल जुळणार कशाशी? दोष सीव्हचा समजून माणूस दोन दिवस सीव्ह चाळत बसतो. चूक असते लोकल_डोमेन्स_मॅप्समध्ये. अमाविस हे हेडर फक्त स्वतःच्या ओळखीच्या डोमेनच्या पत्त्यांना लावतो, आणि डेबियन त्या यादीत फक्त मेलनेम फाईलमधला डोमेन घालून ठेवतं. नवा डोमेन दोन्हीकडे नोंदवायचा. पोस्टफिक्सला सांगितलं म्हणजे अमाविसला कळलं असं होत नाही.

बेझचं, म्हणजे आधीच्या मेलवरून स्पॅम ओळखायला शिकणाऱ्या भागाचं, तर विचारूच नका. रूट (सर्व्हरचा मुख्य यूजर) होऊन एसए-लर्न ही शिकवणारी कमांड चालवायची, "इतक्या मेलमधून शिकलो" असं उत्तर वाचून खूश व्हायचं. आणि ती सगळी शिकवणी रूटच्या होम फोल्डरमधल्या डेटाबेसमध्ये जाऊन पडलेली! अमाविस चालतो 'अमाविस' या यूजरने आणि वाचतो स्वतःच्या होमखालचा, म्हणजे व्हार-लिब-अमाविसमधला डेटाबेस. शिकवायचं ते सुडोने त्याच यूजरच्या नावाने. नंतर त्याच यूजरने एसए-लर्नचं 'डंप मॅजिक' चालवून आकडे बघायचे: किमान २०० स्पॅम आणि २०० हॅम (चांगल्या मेल). दोन्ही. लोक हजार स्पॅम शिकवतात, हॅम शिकवतात तीस, आणि वर बेझ निकामी आहे म्हणून बोंबलतात. दोन्हीकडे २०० झाल्याशिवाय तो एक गुणसुद्धा देत नाही, आणि देत नाही हे सांगतही नाही.

व्हाइटलिस्ट_फ्रॉममध्ये (या पत्त्याची मेल स्पॅम नाही असं सांगणाऱ्या ओळीत) बँकेचा पत्ता टाकणाऱ्यांना हात जोडून विनंती: काढा तो. फ्रॉम कोणीही खोटा लिहू शकतो, आणि ती ओळ थेट १०० गुण वजा करते. फिशिंगला तुम्ही स्वतः दार उघडून देताय. त्याऐवजी व्हाइटलिस्ट_ऑथ वापरा, ते एसपीएफ किंवा डीकेआयएम (पाठवणारा खरा आहे का ते तपासण्याच्या पद्धती) जुळल्याशिवाय सूट देत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या स्पॅमअसॅसिन ४.० पासून यांची नावं 'वेलकमलिस्ट' झाली आहेत, जुनीही चालतात.

हेडरमध्ये यूआरआयबीएल_ब्लॉक्ड दिसतंय? म्हणजे बहुधा रिझॉल्व्हर (डीएनएसचे पत्ते शोधून देणारा) म्हणून ८.८.८.८ सारखा सार्वजनिक ठेवलाय आणि स्पॅमच्या डोमेनच्या याद्या ठेवणाऱ्या ब्लॉकलिस्टवाल्यांनी तुमच्या विचारणा थोपवल्या आहेत. त्याच सर्व्हरवर अनबाउंड हा स्वतःचा रिझॉल्व्हर बसवा, फॉरवर्डर (विचारणा पुढे ढकलायचा दुसरा रिझॉल्व्हर) न देता.

आणि कृपा करून परदेशी ट्युटोरियलमधलं ओके_लँग्वेजेस (चालणाऱ्या भाषांची यादी) जसंच्या तसं चिकटवू नका. व्ही३१०.प्री या फाईलमध्ये टेक्स्टकॅट (मेलची भाषा ओळखणारा प्लगइन) चालू असेल आणि यादीत एकटी इंग्रजी असेल, तर प्रत्येक मराठी मेलला अनवाँटेड_लँग्वेज_बॉडीचे गुण लागतात, निव्वळ मराठी आहे म्हणून. यादीत 'एमआर' (मराठी) आणि 'एचआय' (हिंदी) दोन्ही घाला. लिपी एकच असल्याने छोट्या मजकुरात घोळ होऊ शकतो. नाहीतर गावाकडून आलेलं साधं पत्र आणखी दोन-तीन रूलना लागून किलच्या वर जातं आणि अडवलेल्या मेलच्या व्हायरसमेल्स फोल्डरमध्ये जीझेड फाईल होऊन पडतं. फायनल_स्पॅम_डेस्टिनी (स्पॅमचं शेवटी काय करायचं) डी_डिस्कार्ड, म्हणजे गुपचूप टाकून द्या, असेल तर पाठवणाऱ्याला काही कळत नाही आणि ज्याचं पत्र होतं त्यालाही नाही.