सायकलला नंबर नाही म्हणून

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार आहे. कंटाळा आला तर पुढे सरका, राग मानणार नाही.

सासूबाईंचे रिपोर्ट आणायला सकाळी एका मोठ्या रुग्णालयात गेले होते, नेहमीप्रमाणे सायकलवर. गेटवरच्या सिक्युरिटीच्या पोराने शिट्टी मारली आणि हात आडवा केला. ‘मॅडम, सायकल आत नाही.’ शेजारी पाटी: चारचाकीचा दर, दुचाकीचा दर. खाली दोन मजले पार्किंग. मी म्हटलं, दुचाकीचे पैसे घे बाबा आणि सोड. तर म्हणे पावतीच्या मशीनमध्ये गाडीचा नंबर टाकावा लागतो, त्याशिवाय पावती निघत नाही. सायकलला नंबर नाही, म्हणून पावती नाही, म्हणून प्रवेश नाही.

‘मग लावू कुठे?’

‘तिकडं डीपीच्या मागं झाडाला साखळी घाला. मी बी तितंच लावतो.’

म्हणजे अडवणारा सायकलवालाच! गेले मागे, तर याची सायकल खरंच तिथे होती. काळी, दांडीची, सीटवर प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली, कॅरिअरला जुन्या ट्यूबने आवळलेला डबा. आणखी चार-पाच सायकली एकमेकींत हँडल अडकवून उभ्या होत्या. आया, वॉर्डबॉय, कँटीनची पोरं यांच्या असणार. बाजूला कचऱ्याचे डबे. आणि वर विजेच्या डीपीवर ठसठशीत पाटी, ‘धोका’.

आता मला कुणी सांगू नका की रुग्णालयात जागेची टंचाई असते. असते. पण एका मोटारीच्या जागेत आठ-दहा सायकली आरामात मावतात, आणि त्या तळघरात सकाळी निम्मी जागा रिकामी होती, मी उतरून बघून आले.

आपल्या पुण्यात सायकलीचा पुळका आहे हो, भरपूर आहे. ‘सायकलींचं शहर’ म्हणताना आपला ऊर भरून येतो. ३ जून, जागतिक सायकल दिन आला की टी-शर्ट, झेंडा, फेरी, पोहे. मीही जाते. अर्धे लोक मोटारीच्या मागे सायकल बांधून फेरीला येतात, तेही चालवून घेऊ, यायला तर लागले. पण या सगळ्या चळवळीत आपण सतत कुणाला समजावत असतो? मोटारवाल्याला. बाबा रे, आठवड्यातून एक दिवस तरी सायकल घे, तब्येतीला चांगली, पर्यावरणाला चांगली. आणि जो माणूस शिवण्याहून वारज्याच्या पुलाखालून रोज बारा तासांच्या ड्युटीला सायकल मारत येतो, त्याला समजवायची गरजच नाही. तो चालवतोच आहे. त्याच्याकडे दुसरं काही नाही म्हणून. त्यामुळे त्याच्याकडे बघायचंही आपल्याला कारण उरत नाही.

गेटवरच्या त्या पोराला विचारलं मी, सायकल ट्रॅकवरून येतोस का? हसला. ‘ट्रॅकवर गाड्या असत्यात मॅडम.’

२०१७ च्या डिसेंबरात महापालिकेने सायकल आराखडा मंजूर केला. ८२४ किलोमीटरचं जाळं, ३३५ कोटींचा अंदाज. किती खूश झालो होतो आपण, आठवतंय? त्याच सुमाराला विद्यापीठात आणि औंधला भाड्याच्या रंगीबेरंगी सायकली आल्या, मोबाइलने कुलूप उघडायचं. दोनेक वर्षांत कंपन्या एकेक करून गेल्या. काही सायकली नाल्यात सापडल्या, त्याला आपण पुणेकरच जबाबदार, कबूल. २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूर झालं, आरडाओरडा झाला, बासनात गेलं. आणि सातारा रस्त्यावर बीआरटीबरोबर, म्हणजे बसच्या राखीव मार्गिकेबरोबर आलेले सायकल ट्रॅक आठवा: चालवता चालवता मध्येच झाड, मग डीपी, मग ज्यूसची गाडी, मग उखडलेले पेव्हर ब्लॉक, मग ट्रॅकच संपला. पुढे उडी मारा!

२०२६ च्या जानेवारीत पुणे ग्रँड टूर झाली. ४३७ किलोमीटरची आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत, त्यासाठी रस्ते कसे गुळगुळीत झाले होते! मीही कडेला उभी राहून टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला बोलू. ती पोरं सणसणत गेली तेव्हा अंगावर काटा आला. शर्यतीला माझा विरोध नाहीच. पण इच्छा असली की या शहराला सायकलसाठी महिनोन्‌महिने आधीपासून कामाला लागता येतं, हे तेव्हा सगळ्यांनी बघितलं. मग डब्यावाल्या सायकलीसाठी का नाही? तिला फक्त उभं राहायला चार फूट जागा हवी आहे. पावसाळ्यात वर एक पत्रा असला तर सोन्याहून पिवळं.

माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. सुटीचा भोंगा झाला की गेटातून सायकलींचा लोंढा निघायचा, रस्ता ओलांडायची सोय नाही. आत सायकलींसाठी लांबच लांब पत्र्याच्या शेड होत्या. वडिलांची जागा ठरलेली. पावसात भिजत घरी यायचे, पण सीट कोरडी असायची. टॉकीजला गेलो तरी सायकल स्टँडवर पत्र्याचा बिल्ला मिळायचा, तो हरवला की स्टँडवाला जाम बोलायचा. तेव्हा सगळं गोड होतं असं नाही. डबलसीट धरलं की पोलीस चाकातली हवा सोडायचे, आणि पैसे साठले तसे वडिलांनीही स्कूटरच्या बुकिंगला नंबर लावलाच. पण कामगाराची सायकल ही मालकाने छपराखाली ठेवायची वस्तू आहे, एवढं त्या काळाला कळत होतं. आज अख्ख्या हॉस्पिटलला कळत नाही.

लिहिता लिहिता राग जरा उतरला होता, पण एक मित्र फोनवर म्हणाला, ‘अगं, सायकलवाले उलटे येतात, सिग्नल पाळत नाहीत.’ येतात. नाही पाळत. आणि दुचाकीवाले काय पंचांग बघून गाडी चालवतात? त्यांना पार्किंग मिळतंच की. उन्हाचं, चढाचं, धुराचं मला सांगू नका, हे सगळं मी रोज खाते. गुडघेही आता कुरकुरतात. प्रत्येकाने सायकल चालवावी असं माझं म्हणणं नाहीच. जे चालवतात त्यांना कचऱ्याच्या डब्याशेजारी उभं करू नका, एवढंच.

त्या पोरावर माझा राग नाही. तो मला मागे सोडायला आला, माझी साखळी त्याने स्वतः घातली, ‘हितून सायकल जात न्हाई, मी बघतो’ म्हणाला. रिपोर्ट घेऊन वर प्रशासनाच्या खिडकीवर लेखी तक्रार दिली. तिथल्या बाईंनी ‘वाहन क्रमांक’ हा रकाना भरायला सांगितला. मी ‘नाही’ लिहिलं. ‘नाही’ चालत नाही म्हणाल्या. शेवटी माझा फोन नंबर लिहून सुटले.

हॉस्पिटलचं होईल तेव्हा होईल. आपल्या सोसायट्यांचं काय? आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावश्यांच्या सायकली गेटबाहेर उघड्यावर असतात, आणि आत जिममध्ये जागच्या जागी फिरणाऱ्या दोन सायकली एसीत. गेल्या सभेत विषय काढला तर ‘कॉमन एरियाची शोभा जाते’ असं उत्तर मिळालं. या रविवारी पुन्हा काढणार आहे. सेक्रेटरींचं म्हणणं, किती जागा लागेल, किती खर्च येईल, ते कागदावर आणा, मग बघू. ठीक आहे, आणते.

तर मदत करा. ज्यांच्या सोसायटीत, ऑफिसात किंवा दुकानासमोर कामगारांसाठी सायकल स्टँड आहे, त्यांनी फोटो आणि फॅब्रिकेटरने किती घेतले ते शनिवारपर्यंत इनबॉक्समध्ये टाका. नुसतं पुढचं चाक अडकवायच्या खाचा असलेला स्टँड नको, त्यात सायकल कलंडली की रिम वाकते. उलट्या यू आकाराचा जाड पाइप जमिनीत पक्का केलेला हवा, दांडीला साखळी घालता येईल असा. वर पत्रा असेल तर त्याचाही वेगळा खर्च लिहा.