हीटरचा पंखा सारखा का जातो: एक ताऱ्याच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार भाऊ,

तुम्ही लिहिलंय की पिकअपच्या हीटरचा पंखा बंद पडला म्हणून आम्ही आधी रेझिस्टर (पंख्याचा वेग कमी करणारा भाग) टाकला, मग फ्यूज, मग कपलर (वायरी जोडणारा प्लग), आणि तरी ऐन थंडीत तो बंदच आहे. ‘काम येत नाही, नुसते पार्ट बदलून पैसे घेतात.’ तुमची चीड समजते. काटोलहून संत्री भरून पहाटे नागपूरच्या कळमना बाजाराला निघायचं, बाहेर धुकं, आतून काचेवर वाफ आणि एका हाताने दुपट्ट्याने काच पुसत गाडी हाकायची, हे जिवावर बेतू शकतं. पण घडलेलं तुम्ही अर्धंच लिहिलं. उरलेलं मी लिहितो, या पट्ट्यात अशा गाड्या पुष्कळ आहेत.

गाडी पहिल्यांदा आली तेव्हा पंखा फक्त चार नंबरवर फिरत होता, एक-दोन-तीनवर हूं की चूं नाही. हे रेझिस्टर गेल्याचं लक्षण, कारण खालचे वेग त्याच्यातून जातात आणि चार नंबरला करंट थेट मोटरला मिळतो. तो बदलणं भागच होतं. मात्र रेझिस्टर उगाच जळत नाही. तो ब्लोअरच्या, म्हणजे याच पंख्याच्या, हवेच्या वाटेत बसवलेला असतो, तीच हवा त्याला थंड ठेवते. मोटर जड झाली की करंट वाढतो आणि हवा कमी होते, दोन्हीकडून मार त्यालाच. म्हणून तुमच्यासमोरच करंट मोजायचा क्लॅम्प मीटर लावला होता. मोटर 22 अँपिअर ओढत होती आणि त्या लाइनचा फ्यूज 20 चा. शिवाय रेझिस्टर काढल्यावर त्या भोकातून टॉर्च मारला, तर पंख्याच्या पात्यांत रुईचा राखाडी थर बसलेला दिसत होता, वर संत्र्याच्या पानाचा चुरा. मोटर खोलतो म्हटलं तर तुम्ही म्हणालात, ‘माल भरला आहे जी, सध्या चालू करून द्या.’ बिलावर ‘मोटर पाहणे बाकी’ असं लिहिलेलं आहे.

रुई कुठून येते हे सांगायला नको. कापसाची गाडी जिनिंगच्या (सरकी काढायच्या कारखान्याच्या) आवारात रांगेत उभी, ब्लोअर चालू, आणि बाहेरची हवा काचेखालच्या जाळीतून आत येते. पुष्कळ पिकअपना आत फिल्टरच नसतो. पावसाळ्यात त्याच जाळीखालची पाणी जायची वाट कचऱ्याने बंद झाली, तर ओल मोटरच्या बुशपर्यंत (दांडा ज्यात फिरतो त्या कडीपर्यंत) जाते. मग थंडीत पहिल्यांदा हीटर लावला की मोटर कुरकुरते.

पुढे फ्यूज उडाला, तेव्हा आम्ही पिवळा, म्हणजे 20 चाच बसवला आणि मोटरचं पुन्हा बोललो. कपलर जळून गाडी आली तेव्हा त्या जागी हिरवा 30 चा होता. तो आमच्याकडचा नाही. रस्त्यात कोणी मदत म्हणून घातला असेल, तुम्हाला दोष देत नाही. पण फ्यूज वायर वाचवायला असतो. मोठा घातला की तो टिकतो आणि त्याच्या वाटची उष्णता दुसरीकडे निघते. कपलरची पिन सैल होऊन पाच शतांश ओहमचा जरी अडथळा आला, तरी 20 अँपिअरला तिथे 20 वॅट उष्णता तयार होते. कथील वितळवणारी छोटी सोल्डरिंग आयर्न 25 वॅटची असते. तुमच्या कपलरची एक पिन वितळलेल्या प्लास्टिकमध्ये तिरपी रुतून बसली होती, ती याच्यामुळे. नवी पिन घट्ट दाबून बसवली, पण मोटर तीच राहिली.

नागपुरात कोणी पूर्ण वायरिंग बदलायला सांगितलं, असंही तुम्ही लिहिलंय. एवढा खर्च करू नका. पंखा पूर्ण वेगावर ठेवून बॅटरीच्या निगेटिव्हपासून मोटरच्या अर्थच्या (निगेटिव्ह) वायरपर्यंत व्होल्टेज मोजलं होतं, 0.1 व्होल्ट आलं. अर्थ खराब असता तर एवढं कमी आलं नसतं. उंदरांनी कुरतडलेली वायरही कुठे दिसली नाही.

रेझिस्टरचे पैसे परत करणार नाही, तो जळालेलाच होता आणि जुना तुमच्या हातात दिला होता. मोटर खोलून साफ करायची मजुरी मात्र घेणार नाही. कार्बन ब्रश आणि बुश चांगले निघाले तर तीच मोटर बसवू, झिजले असतील तर नवी लागेल, तिचा भाव आधी सांगू. बसवल्यावर चारही नंबरवर करंट मोजून तुमच्यासमोर बिलावर लिहू. तोवर फ्यूज 20 चाच ठेवा, आणि जिनिंगमध्ये उभे असाल तेव्हा ब्लोअर बंद ठेवा किंवा आतली हवा फिरवायचा खटका लावा.

बुधवारी दुकानासमोर आठवडी बाजार भरतो, गाडी लावायला जागा नसते. दुसऱ्या कोणत्याही दिवशी सकाळी या, आणि या वेळी गाडी रिकामी आणा.