चित्रांच्या विम्याबद्दल फिरणारा तो मेसेज

‘चित्रं, जुनी नाणी, तिकिटं यांचा वेगळा विमा म्हणजे पैसे पाण्यात’ हा फॉरवर्ड मामापर्यंत पोचला आणि त्याने हप्ता भरणंच थांबवलं. जन्मभर जमवलेला नाण्यांचा संग्रह कुणा अनोळखी माणसाच्या भरवशावर! म्हणून हे लिहिणं भाग आहे.

सगळ्यात घातक मुद्दा आधी घेते: ‘खराब झालं तरी दुरुस्त होतं, मग नुकसान कसलं?’ अमेरिकेतले कॅसिनो उद्योजक स्टीव्ह विन यांच्याकडे पिकासोचं ‘ल रेव्ह’ हे चित्र होतं. 2006 मध्ये 13.9 कोटी डॉलरला सौदा ठरला. पाहुण्यांना चित्र दाखवताना विन यांचंच कोपर लागलं आणि कॅनव्हासला भोक पडलं. दुरुस्तीचा खर्च सुमारे 90 हजार डॉलर. पण दुरुस्तीनंतर चित्राची किंमत साडेआठ कोटीच धरली गेली. सौदा मोडला, मधल्या फरकासाठी विन यांनी लॉइड्स या लंडनच्या विमा बाजाराला कोर्टात खेचलं, शेवटी तडजोड झाली. भोक बुजतं, चित्र फाटलं होतं ही नोंद पुसत नाही. कलाकृतींच्या खास पॉलिसीत हे घटलेलं मूल्य भरून मिळण्याची सोय करता येते. 2013 मध्ये तेच चित्र 15.5 कोटीला गेलं, हेही खरं. पण ते पिकासोचं होतं. घासून चमकवलेल्या जुन्या नाण्याची गेलेली किंमत सात वर्षांनी परत येत नाही.

‘खरेदीचं बिल पुरे.’ मुळीच नाही. बिल सांगतं तेव्हा किती दिले. आज ती वस्तू किती किमतीची, हे मूल्यांकनाच्या दाखल्यावरून कळतं. पॉलिसीतच किंमत ठरवून घेतली की क्लेमच्या वेळी त्यावरून घासाघीस उरत नाही.

‘म्युझियमंही विमा काढत नाहीत.’ बोस्टनच्या गार्डनर म्युझियममधून 1990 मध्ये 13 कलाकृती चोरीला गेल्या तेव्हा चोरीचा विमा नव्हता, कबूल. त्यातली एकही अजून परत मिळालेली नाही. असला दाखला देऊन विमा नको म्हणायचं?

‘बुरशी, वाळवी लागली की कंपनी हात वर करते.’ हे मात्र बरोबर. हळूहळू होणारी खराबी बहुतेक पॉलिसींत वगळलेलीच असते, जपणूक आपली आपणच करायची. पण आग आणि चोरीचं काय? त्यावर मेसेज गप्प.

राहिलं ‘घराच्या विम्यात सगळं येतंच’. अशा पॉलिसीत मौल्यवान वस्तूंना बऱ्याचदा कमाल रकमेची मर्यादा असते. ती कुठल्या कलमात आहे आणि किती आहे, ते हप्ता बंद करण्याआधी वाचा.