जेवलास का?

फिलिपिन्समधल्या मनिलाला पोचलो तो सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात. घरी मखराची कापाकापी चाललेली आणि इथे मॉलमध्ये नाताळची गाणी. 'बर'वर संपणारा महिना लागला की यांचा नाताळ सुरू. इतकी उत्सवी माणसं म्हणजे आपलीच, असं समजून मी निर्धास्त झालो.

ऑफिसात पहिल्याच सकाळी शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "कुमाइन का ना?" म्हणजे, जेवलास का? आपल्याकडे याला 'हो हो, आत्ताच' म्हणायचं असतं. मी नवखा, खरं बोललो. पाच मिनिटांत माझ्यापुढे तीन डबे उघडले. मी शाकाहारी आहे हे कळल्यावर मात्र सगळे माझ्याकडे दुखवट्याला आल्यासारखे बघू लागले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी खास माझ्यासाठी पिनाकबेत आणलं. झाकण उघडलं तर भोपळा, कारलं, वांगं, भेंडी, चवळीच्या शेंगा. परक्या मुलखात अख्खी मंडई भेटीला आलेली! मग वास आला. लहानपणी रत्नागिरीत शेजारच्या अंगणात जवळा वाळत असे. तो वास मी झोपेतही ओळखीन. "मांस नाहीये," बाई म्हणाल्या, "नुसतं बागोओंग." म्हणजे तोच जवळा, फक्त मीठ घालून आंबवलेला. बाई टक लावून बघत होत्या. मी भेंडीचा एक तुकडा गिळला. आईला अजून सांगितलेलं नाही.

संध्याकाळी जीपनीत बसलो. महायुद्धानंतर अमेरिकी लष्कराने मागे सोडलेल्या जीपा लांबवून या गाड्या जन्मल्या. मागून चढायचं, समोरासमोर दोन लांब बाकं, कंडक्टर नाही. ड्रायव्हरच्या पाठची मोकळी जागा मी चपळाईने पटकावली. ती मोकळी का होती, हा विचार करायला हवा होता. शेजारच्या काकूंनी माझ्या हातात वीस पेसोंची नोट ठेवली. "बायाद पो." हा 'पो' म्हणजे आपलं 'अहो'.

पाहुण्याच्या हातावर पैसे ठेवण्याची पद्धत आपल्याकडेही आहे, आणि ते कसे नाकारायचे हेही मला लहानपणापासून शिकवलंय. "अहो, कशाला!" म्हणत मी नोट परत केली. त्यांनी पुन्हा दिली. मी पुन्हा ढकलली. अख्खी जीपनी बघायला लागली. शेवटी समोरच्या शाळकरी पोराने नोट माझ्या मुठीतून काढून ड्रायव्हरला दिली. ते भाडं होतं. हातोहात पुढे जातं, सुटे तसेच मागे येतात.

मग कियापो येईपर्यंत मी कंडक्टर. एका हाताने नोटा पुढे, दुसऱ्याने नाणी मागे. काम इतकं जमलं की जवळजवळ रुबाब आला. तेवढ्यात आरशातून ड्रायव्हर म्हणाला, "सर, तुमचे?"

घरी आल्यावर वॉचमनला लिफ्ट कुठे ते विचारलं, तर त्याने माझ्याकडे ओठांचा चंबू केला. मी दोन पावलं मागे सरलो. इथे दिशा ओठांनी दाखवतात. मागे वळून पाहिलं, तर लिफ्ट तिथेच.

दारात घरमालकीणबाई. "कुमाइन का ना?"

"हो हो, आत्ताच!"

"मग नुसतं खाऊन बघ," म्हणत त्यांनी साखरेत तळलेली एक गरम सुरळी हातात दिली. मी टोक मोडलं, उजेडात धरलं, वास घेतला. आत केळं होतं. नुसतं केळं.

"अजून आहेत?" मी विचारलं.